पत्र्याखालचं लाकूड

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते न्यू जर्सीच्या एका खेड्यातल्या, आता नव्वदीला टेकलेल्या काकूंचे. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. तालुक्याच्या शाळेतून, तिथल्याच कॉलेजातून मी न्यू जर्सीतल्याच पिस्कॅटवेला सिव्हिल इंजिनिअरिंगच्या एम.एस.ला आलो आणि प्रबंधासाठी जुनी लाकडी इमारत शोधत त्यांच्या दारात पोचलो. गावच्या चर्चची किल्ली त्यांच्याकडे असायची. त्यांनी किल्ली दिली, उन्हाळाभर राहायला खोलीही दिली. नाव घेऊन हाक मारायला मला जमेना, म्हणून काकू म्हणायला लागलो. मी मनोऱ्यात चढलो की त्या खालून ओरडायच्या, "पडू नकोस हं! तुझ्या आईला इंग्रजीत कसं समजावू मी?"

युरोपातली टोकदार कमानींची गॉथिक चर्चं दगडाची. इथल्या शेतकऱ्यांकडे दगड घडवणारे नव्हते, सुतार होते. त्यांनी तीच टोकदार कमान पाइनच्या फळ्यांत कापली. भिंतींना उभ्या फळ्या लावल्या आणि सांध्यांवर पट्ट्या ठोकल्या, नजर आपोआप वर जावी म्हणून. छताचा उतार इतका तीव्र, की आत बाकावर बसलं की उपड्या होडीखाली बसल्यासारखं वाटतं.

बाहेरून मात्र फळ्या दिसत नसत. सारखा रंग देऊन कंटाळलेल्या मंडळींनी फार पूर्वी सगळ्या भिंतींवर पांढरा ॲल्युमिनियमचा पत्रा चढवला होता. कल्पना काकूंची. "तेव्हापासून कुणी ब्रश हातात धरलेला नाही," असं त्या प्रत्येक पाहुण्याला सांगायच्या.

गेल्या वर्षी पानगळीच्या दिवसांत वेदीजवळची जमीन खचली. चर्चचा कारभार बघणाऱ्या वरिष्ठ कार्यालयानं कळवलं: इमारत सुरक्षित असल्याचा अहवाल द्या, नाहीतर कुलूप लावा. उरलेल्या मूठभर मंडळींनी मला बोलावलं; एव्हाना मी इंजिनिअर झालो होतो. काकूंनी फोनवर एवढंच सांगितलं, "यांना शेवटचं ज्या दारातून नेलं, त्याच दारातून मलाही न्यायचं. तेवढं बघ."

मी एक पत्रा उचकटला. मागची फळी काळी पडली होती. पायाच्या दगडांवरच्या तुळईत स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत गेला. लाकूड चहात बुडवलेल्या खारीसारखं झालं होतं. चारही बाजूंनी तेच. मनोऱ्याचे खांब त्याच तुळईवर उभे होते.

काकू गवतात घडीच्या खुर्चीवर, पायांवर ब्लँकेट घेऊन बसल्या होत्या.

"काय दिसलं?"

"लाकूड फार जुनं आहे, काकू."

"मीही जुनी आहे. पत्र्यामुळे झालं का हे?"

मंडळींतले एक म्हातारे शेतकरी म्हणाले, "जाऊ दे ना, किती गारठा आहे. चला घरी."

"अहवालात लिहितो," मी म्हणालो.

"अहवाल ते वाचतील. मला तू सांग."

मी मान खाली घालून टेप गुंडाळत राहिलो.

अहवाल गेला, नाताळाच्या आधीच दाराला कुलूप लागलं. त्यानंतर मी त्यांना पत्र पाठवलं. मूळ इंग्रजीत होतं, ते असं:

"काकू,

तुम्ही विचारलं होतं. हो, पत्र्यामुळेच. खिडक्यांच्या कमानींपाशी पाणी आत शिरायचं. आधी ते फळ्यांमधून वाळून जायचं, पत्र्यानं ते आत कोंडलं. हे तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं आणि पत्रा लावणाऱ्यानंही सांगितलं नाही. पण चर्च पत्र्यानंच गेलं.

दुरुस्तीनं भागणार नाही. मी हिशेब पुन्हा पुन्हा करून पाहिला. हिवाळा संपला की मनोरा उतरवतील, मग बाकीचं. तुम्हाला त्या दारातून नेता येणार नाही.

छताची लाकडं शाबूत आहेत. ती मोडू नका, सोडवून ठेवा, असं मी अहवालात लिहिलं आहे. ऐकतील की नाही, माहीत नाही.

शनिवारी येतो. घराचं दार उघडावंसं वाटलं नाही तर उघडू नका. मी थोडा वेळ पायरीवर बसेन आणि परत जाईन."