मावशीच्या पत्रातले चौकोन

खरं सांगू? हे मी लिहिणारच नव्हते. एकतर मावशी वाचेल, आणि वाचल्या वाचल्या विचारेल, "यात चौकोन कुठेयत?" दुसरं म्हणजे यात मी एक मोठा आगाऊपणा केलाय आणि तो अजून माझ्या आईला माहीत नाही. पण माझ्या पोटात काही राहत नाही, त्यामुळे लिहितेय.

माझी मावशी, योम चुन्ही. वय अठ्ठावन्न. आमच्या कोरियातल्या डोंगराळ सांगचॉन गावच्या सरकारी कचेरीत तीस वर्षं काम करते. सुट्टीत मी तिच्याकडेच राहते. मावशीचं काम म्हणजे अहवाल लिहिणं. पूर येवो, रानडुक्कर येवो, मंत्री येवो, आमच्याकडे अहवाल एकाच पानाचा. आधी चौकोनाची खूण आणि मुख्य मुद्दा, त्याच्या खाली गोल आणि पोटमुद्दा, गोलाखाली रेघ आणि तपशील. मोठा साहेब फक्त चौकोन वाचतो, मधला साहेब गोलापर्यंत पोचतो आणि रेघेपर्यंत फक्त जिने लिहिलं ती जाते.

त्यात मावशी म्हणजे उस्ताद. शेजारच्या कचेऱ्यांतले लोक स्वतःचे विस्कटलेले अहवाल घेऊन तिच्याकडे येतात, वैद्याकडे मोडलेला हात घेऊन यावं तसे. ओळीतला शेवटचा शब्द घसरून खाली एकटा पडला की तिचा जीव कासावीस होतो. मग ती वरच्या ओळीतली अक्षरं दाबून दाबून, "सरका, सरका जरा" असं खरोखर तोंडाने म्हणत, त्या बिचाऱ्या शब्दाला वर जागा करून देते.

आणि हे सगळं हाताने बरं का! प्रत्येक चौकोन चिन्हांच्या तक्त्यातून शोधून आणायचा, पुढे मोजून जागा सोडायची. मी एकदा म्हटलं, "मावशी, एक बटण दाबलं की कॉम्प्युटर आपोआप बुलेट लावतो."

"आपोआप?" ती म्हणाली. "मग उद्या सहीपण आपोआप करेल. आणि परवा पेन्शनपण तोच घेईल."

मी तरी तिच्या नकळत ते चालू करून ठेवलं. दुसऱ्या दिवशी तिने रिकामी जागा सोडायला एंटर दाबलं, तर चौकोन. पुन्हा दाबलं, पुन्हा चौकोन. अख्ख्या पानावर चौकोनच चौकोन. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

घरीसुद्धा तेच. काका गेले तेव्हा हेरिमताई, म्हणजे तिची एकुलती एक मुलगी, नऊ वर्षांची होती. ताई शाळेतून यायची तेव्हा फ्रीजवर कागद असायचा. चौकोन: जेवण. गोल: सूप गरम करणे. रेघ: गॅस बंद करणे. ताई म्हणायची, "मी आईच्या हाताखालची कारकून म्हणून मोठी झाले."

तर गेल्या वर्षी शरदात ताई बुसानहून एका मुलाला घेऊन आली. ग्युवॉन नाव त्याचं. समुद्रावर लोकांना लाटांवर उभं राहायला शिकवतो. केस खांद्यापर्यंत. दोन वाट्या भात खाल्ला, भांडी घासली, गेला. जाताना ताईने सहज विचारलं, "आई, कसा वाटला?"

सहज विचारलं हो! मावशीने आठ दिवस घेतले आणि एक पान पाठवलं. विषय: भावी जावयाबाबत. चौकोन, सद्यस्थिती. गोल, उंची समाधानकारक. गोल, भूक समाधानकारक. चौकोन, अडचणी. गोल, उत्पन्न लाटांवर अवलंबून. रेघ, हिवाळ्यात लाटा थंड. चौकोन, सुधारणा. गोल, केस कापणे. गोल, फेरविचार.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसून हसून खाली बसले. ताई नाही हसली. नऊ महिने बोलली नाही. आणि जुलैत तिच्या ऑक्टोबरातल्या लग्नाची पत्रिका आली, ती माझ्या आईला. मावशीला नाही.

सुट्टीला येताना मी ती सोबत आणली. मावशीने पत्रिका हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. "छपाई चांगलीये," म्हणाली आणि भोपळ्याची पानं निवडायला बसली. निवडलेलीच पानं पुन्हा निवडत होती. मला रडूच आलं.

त्याच शनिवारी दुपारी ती माझ्यासमोर येऊन बसली. "तू भराभर टाइप करतेस ना? मला एक पत्र लिहून दे. हेरिमला. साधं पत्र. चौकोनबिकोन नको."

मी लॅपटॉप उघडला. "बोल."

मावशी थंड बार्लीच्या चहाचा आख्खा पेला प्यायली. मग म्हणाली, "हवा उष्ण. जेवण वेळेवर करणे."

"मावशी! हे पत्रंय की हवामान खातं?"

"बरं, मग असं घे. चौकोन..."

"चौकोन नाही!"

"अगं, तोंडातून आपोआप येतं!"

"हो का? आपोआप आलेलं तुला चालत नाही ना?"

तिने मला टपली मारली. पण अर्धा तास झाला तरी पुढे काही येईना. शेवटी मीच चिडले. "तू सरळ सॉरी म्हण ना! एवढं काय त्यात?"

मावशी खरंच विचारात पडली. चेष्टा नाही करत, अगदी गंभीर चेहऱ्याने मला म्हणाली, "पण सॉरी कशात टाकायचं? चौकोनात, गोलात की रेघेत?"

मी हात टेकले. म्हटलं, कर बाई तुझ्या पद्धतीने. आणि मग काय सुटली ती! वीस मिनिटांत पान तयार. विषय: विवाहसमारंभातील सहभागाबाबत. वरच्या कोपऱ्यात साहेबांच्या सह्यांचे रकाने, सवयीने. चौकोन, पार्श्वभूमी. चौकोन, वाहतूक व्यवस्था, त्यात बसच्या वेळा. चौकोन, सोबत आणावयाचे पदार्थ, त्यात रेघेवर तिळाचं तेल. आणि सगळ्यात तळाशी, जिथे कुणी बघतही नाही अशा बारीक अक्षरांत, एक फुली मारून टीप: "जावयाबाबतचा मागील अहवाल चुकीचा होता. मुलगी लांब जाईल या भीतीपोटी लिहिला गेला."

मी ती टीप दोनदा वाचली. मावशी म्हणाली, "नको पाठवू. सोमवारी पुन्हा एकदा बघते, त्या तेलाच्या ओळीतला शब्द खाली पडलाय." आणि वाळलेले कपडे आणायला गच्चीवर गेली.

मी पाठवलं. हो, मीच. विचारबिचार नाही केला. ईमेलला फाइल जोडली, ताईला पाठवून दिली.

रविवार गेला, सोमवार गेला, काही नाही. मंगळवारी मी मावशीला डबा द्यायला कचेरीत गेले होते, तेवढ्यात कोपऱ्यातलं फॅक्सचं मशीन खरखरलं. कागद उचलला तो नेमका सॉन्वू साहेबांनी, म्हणजे कचेरीच्या मुख्य साहेबांनी. त्यांनी चष्मा वर केला.

"योमबाई," ते म्हणाले, "तुमचा अहवाल परत आलाय. तीस वर्षांत पहिल्यांदाच बघतोय हो मी!"

सगळी कचेरी गोळा झाली. ताईने जाड पेनाने पानाचं पार शेत नांगरलं होतं. बसच्या वेळांवर काट. पदार्थांवर काट. फक्त तिळाच्या तेलावर बरोबरची खूण. तळाच्या टिपेभोवती मोठं वर्तुळ, तिथून थेट पानाच्या डोक्यापर्यंत बाण, आणि बाजूला लिहिलेलं: "हे सर्वांत वर घ्यावे. बाकी वगळावे. दुरुस्तीसह पुन्हा सादर करावे."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. "तू पाठवलंस?"

"हो."

"तो खाली पडलेला शब्द तसाच ठेवून?"

"हो..."

"नालायक पोरगी!" ती म्हणाली, पण नजर कागदावरच होती. मग खुर्ची ओढून बसली. सगळे पाठीमागे उभे. तिने नवं पान उघडलं, तक्त्यातून एक चौकोन आणून ठेवला आणि पुढे टाइप केलं: "माझं चुकलं. मी घाबरले होते." बस. गोल नाही, रेघ नाही. खाली सगळं पांढरं.

"पान रिकामं दिसतंय," ती हळूच म्हणाली.

"दिसू दे," साहेबच म्हणाले.

तिने स्वतः फॅक्स केला. आणि मग आम्ही सगळे कामं असल्यासारखं करत त्या मशीनकडे बघत बसलो. पंचवीस मिनिटांनी कागद आला. मावशीचंच पान, पांढऱ्या जागेत ताईची सही. खाली शेरा: "मंजूर. विषय महत्त्वाचा असल्याने कागदावर भागणार नाही. अहवाल प्रत्यक्ष येऊन तोंडी सादर करावा. ग्युवॉनने केस कापलेले नाहीत, याची नोंद घ्यावी."

मावशी हसली. मग डोळे पुसले. मग, ऐका हं, मग म्हणाली, "पुढच्या महिन्यात जाते. आधी पावसाच्या नुकसानीचा अहवाल..."

"तो मी लिहितो," साहेब म्हणाले.

"तुम्ही? साहेब, तुमचे गोल चौकोनाच्याही बाहेर जातात."

"जाऊ देत! योमबाई, लेकीने बोलावलंय. निघा."

आज शनिवार. सकाळी सव्वासातच्या बसने मी तिला बसवून दिलं. मांडीवर तिळाच्या तेलाची बाटली, टॉवेलात गुंडाळलेली. खिडकीतून मला म्हणाली, "दार उघडल्यावर पहिलं वाक्य काय बोलू गं?" मी म्हटलं, मला नाही माहीत. बस हललीसुद्धा.

तिलाही माहीत नव्हतं, तरी गेली ना! तुमचंही कुणाशी असंच काही अडलं असेल, आणि तुम्ही मनातल्या मनात मजकूर नीटनेटका करत बसला असाल, तर पुरे झालं तेवढं. पुढच्या महिन्यात बिलकुल नको. येत्या सुट्टीलाच उठा आणि त्या माणसाला भेटून या.