योरिसकाकांची जागा

लमदुआनच्या अंगात भोचकपणा भारी, आणि तो ती लपवतही नसे. एकोणीस वर्षं ती परदेशी मंडळींना व्हॅनमधून चिआंग माईहून माए साईच्या पुलाशी नेत होती. मंडळी चालत ब्रह्मदेशात जायची, पासपोर्टवर शिक्का मारून घ्यायची आणि तासाभरात परत यायची, की थायलंडात आणखी काही दिवस राहायला मोकळी. स्वतः बाईने मात्र पूल कधी ओलांडला नव्हता. वाटेत प्रत्येकाला तिचा एकच प्रश्न, "एवढा आटापिटा कशासाठी हो?" कुणी प्रेयसीचं नाव घेई, कुणी उन्हाचं.

योरिसकाका तेवढे ताकास तूर लागू देत नसत. हा हॉलंडचा म्हातारा सहा वर्षं नेमाने येई, पलीकडून भाजलेले चेस्टनट आणी आणि पुडी तिच्या हातावर ठेवून म्हणे, "खा, म्हणजे तोंड बंद राहील."

त्या मंगळवारी सगळे परतले, काका नाहीत. थाई चौकीवरच्या साहेबाने त्यांना आत न घेता पुलापलीकडे परत पाठवलं होतं. "शिक्क्यांनी पुस्तक भरलंय. किती दिवस पाहुणे म्हणून राहणार? इथे तुमचं आहे कोण?" यावर काका पासपोर्ट उचलून मागे वळले, असं एका प्रवाशाने सांगितलं.

लमदुआनने एका दिवसाचा परवाना काढला आणि पूल ओलांडला. पलीकडेही तशीच दुकानं, तसेच चहाचे ठेले. हात्तिच्या, एवढंच? एका बाकावर काका बसले होते.

"पोरी, एक काम करशील? चिआंग माईत आमच्या गल्लीतल्या देवळामागच्या भिंतीत सुपापच्या अस्थी आहेत. रोज सकाळी तिचा फोटो पुसतो मी. उद्या तू पूस."

"सुपाप कोण?"

"बायको. ती होती तोवर तिच्या नावावर राहायला मिळायचं. ती गेली, परवानगीही गेली."

सहा वर्षं आपण या माणसाला काय विचारत होतो, या विचाराने लमदुआनला रडूच आलं. "मग साहेबाला सांगितलं का नाही?"

"त्याने विचारलं, कोण आहे. आहे असं कसं म्हणू?"

दुसऱ्या सकाळी ती देवळामागे गेली. भिंतीत ओळीने कोनाडे, प्रत्येकावर फोटो. सुपापचे पुढचे दात जरा पुढे होते आणि ती मनापासून हसत होती. लमदुआनने फोटो पुसला. शेजारचा कोनाडा रिकामा होता, पण त्याच्या फरशीवर थाई अक्षरांत नाव कोरून तयार होतं: योरिस.

तिने मोबाइलवर दोन्ही कोनाड्यांचा फोटो काढला आणि एकही प्रवासी न घेता थेट माए साई गाठलं.

"साहेब, हा पाहुणा नाही," मोबाइल पुढे धरत ती म्हणाली. "बघा, जागा धरून ठेवलीय त्याने इथे."

साहेबाने फोटो मोठा करून नाव वाचलं. मग खुर्ची मागे सारून तो उठला.

"कुठे बसलेत ते?"