धुतल्यावर बसेल

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, बहिणीला नाही, आणि ज्या बाईबद्दल आहे तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. तोंडाशी आलंय, एवढंच.

तशी मी फटकळ. साजगावच्या एका कारखान्यात अठरा वर्षं माल तपासायला होते. समोरून खोकी जायची आणि वाकडं चिकटलेलं लेबल मला लांबूनच टोचायचं. नोकरी सुटली, खोपोलीच्या घरात हात रिकामे झाले, मग क्रोशा घेतला. पुढे फोनवर आमचा विणकामाचा ग्रुप जमला – कर्जत, कशेळे, खालापूर, खोपोली, पस्तीसेक बायका. कुणी अर्धवट पिशवीचा फोटो टाकायची, कुणी एकाच बाळमोज्याचा, आणि बाकीच्या वाहवा करायच्या. नियम एकच – ग्रुपवर कुणाची चूक काढायची नाही. सुरुवातीला मीच एकीला फटकन बोलले होते, ती रडली, तेव्हापासूनचा.

पण त्या नियमाआड मी लपणार नाही. जिच्याबद्दल सांगतेय, तिला एकटीला फोन करून सांगता येत होतं की!

तर, कशेळ्याची वनिता. मुलीचं लग्न ठरलं आणि तिने रुखवतासाठी टेबलावरचा मोठा गोल रुमाल विणायला घेतला. पांढरा दोरा, कडेला फुलं. त्याआधी तिने फक्त मोबाइलची पिशवी केली होती. गोल विणताना दर फेरीला टाके वाढवावे लागतात. कमी वाढवले की कड आवळते, मधला भाग उठतो आणि रुमाल सपाट राहतच नाही. आठव्या फेरीच्या फोटोत मला ते दिसलं. रुमाल दाबून धरायला तिने कडेवर चार वाट्या ठेवल्या होत्या.

मी लिहिलं – ‘वा वनिता! काय हात आहे गं!’

का लिहिलं? जळत होते का? थोडी जळत होतेच. तिच्या फोटोखाली बदामांची रांग लागायची आणि माझ्या खाली चार अंगठे. पण नुसतं तेवढंच असतं तर मला स्वतःचं इतकं नवल वाटलं नसतं. खरं सांगू? मला बघायचं होतं. मी आजवर एकही चूक दोन फेऱ्यांपुढे जाऊ दिलेली नाही – दिसली की उसवली. मग उसवलीच नाही तर ती जाते कुठवर? किती उठते? माझ्या दोऱ्यात, माझ्या मेहनतीत हे करून बघायची मला कधी छाती झाली नाही. इथे दुसरीच्या हातून आयतं चाललं होतं. मी वहीत आकृती काढली – हो, काढली – आणि रुमाल शेवटी मधोमध चार बोटं उठेल, असा अंदाज लिहून ठेवला.

इथवर निदान मी नुसती गप्प होते. पण –

विसाव्या फेरीला तिचा बोलून पाठवलेला मेसेज आला. ग्रुपवर, पण मला उद्देशून. “ताई, ह्यो मधी उठतोय ओ जरा. उसवू का? आत्ताच सांगा, लग्नाला अजून दीड महिना हाय. का धुतल्यावर बसंल?”

सरळ प्रश्न होता. उसवून पुन्हा विणायला दीड महिना पुष्कळ, हे मला ठाऊक होतं. तरी मी लिहिलं – ‘धुतल्यावर बसेल.’

खाली लगेच बायका सुरू – ताई म्हणतात म्हणजे बसणारच! पुढे चल गं! वनिताने हात जोडल्याचं चित्र टाकलं.

लग्नाला मी मुद्दाम लवकर गेले. लाडू-करंज्यांच्या ताटांशेजारी एका टेबलावर तो रुमाल. धुतलेला, खळ दिलेला, इस्त्री केलेला – आणि मधोमध फुगून उभा. वनिता तळव्याने दाबायची, हात काढला की पुन्हा वर. माझी नजर आधी कुठे गेली असेल? उंचीवर. चार बोटं. अंदाज बरोबर आल्याचा मला क्षणभर आनंद झाला. सांगायला लाज वाटतेय, पण झाला.

नवरदेवाकडची एक बाई म्हणाली, “हा काय कोंबडी झाकायला केला का गं?” सगळ्या हसल्या. वनितापण हसली. तिची मुलगी मात्र हसली नाही, आईकडे बघत राहिली. मग वनिताने रुमालाची घडी घालून टेबलाखालच्या पिशवीत टाकली आणि माझ्याजवळ आली. “माझंच कायतरी चुकलं, ताई. तुमी सांगितलं ते बरोबरच असणार.”

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. म्हटलं, होतं गं असं कधी कधी.

त्यानंतर तिने सुई हातात घेतलेली नाही. ग्रुपवर आहे, सगळ्यांचं कौतुक करते, स्वतःचं काही टाकत नाही. कुणी विचारलंच तर म्हणते, माझ्या हातात ते नाय. बायका समजूत घालतात. मीही घातलीय – निर्लज्जासारखी.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. मुलीला दिवस गेलेत. “बाळाला दुपटं मीच विणणार होते, ताई, लय हौस होती. पण पयल्या बाळाला माझं वाकडंतिकडं नको. तुमी द्याल?”

तेव्हा सांगता आलं असतं. लाइनवर आम्ही दोघीच होतो. मी तिला रंग विचारला.

पिवळं दुपटं झालं. फोटो टाकला. सगळ्यांत आधी वनिताचंच आलं – ‘ताई, तुमच्या हातून कवा चूक होतच नाय.’

मी लिहिलं, ‘थँक्यू गं.’