कोलशेतच्या पत्त्यावर गेलेला रिपोर्ट

चौऱ्याऐंशी साली लग्न होऊन मी कोलशेतहून निघाले, तेव्हा टेम्पोत माझ्यासोबत दोन हंडे, एक लोखंडी कपाट आणि सुकटीचं गाठोडं होतं. बय, म्हणजे माझी आई, रडली नाही. मीही नाही. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता आणि बय त्या गाठोड्याची गाठ पुन्हा पुन्हा आवळत होती. शेवटी कानाशी येऊन म्हणाली, "दुखला-खुपला त हितं ये गो. तिथं कोनाला सांगू नको."

तुम्ही ज्या कोलशेतलाच राहिलात आणि ज्या माझ्यासारख्या बाहेर पडलात, त्या सगळ्यांना आयांनी असंच काही सांगून पाठवलं असणार. प्रेमानेच. त्या एका वाक्यापायी माझे पाच आठवडे वाया गेले. ते मी कधी कुणाला नीट सांगितलं नाही, म्हणून आता लिहिते.

माझा नवरा जनार्दन मोहन्याच्या कारखान्यात होता. आम्हाला चाळीत दोन खोल्या मिळाल्या. कोलशेतला दार उघडलं की खाडी आणि वाळत घातलेली जाळी. मोहन्याला दार उघडलं की समोरच्यांचं दार. पहिल्याच आठवड्यात मी सुकट भाजली आणि अख्ख्या चाळीने खिडक्या लावून घेतल्या. पुढे त्याच बायका वाटी घेऊन यायला लागल्या, ती गोष्ट वेगळी. पाळ्यांच्या भोंग्यावर स्वयंपाक करायला शिकले. पण चाळीत एक गोष्ट मला शेवटपर्यंत खटकायची. पोस्टमन सगळी पत्रं नळावर आणून द्यायचा. कुणाला कुठून काय आलं, हे कळशी भरेपर्यंत सगळ्यांना ठाऊक.

लग्नाला दहा-अकरा वर्षं झाली असतील. मला नको त्या जागी चामखिळीसारखं काही आलं आणि अधूनमधून अंगावरून रक्त जायला लागलं. दोन मुलं होती, घर होतं, दुर्लक्ष करायला कारणं भरपूर होती. शेवटी जानेवारीत एक दिवस माहेरी जाते म्हणून आंबिवली स्टेशनवरून ठाण्याला गेले आणि एका खाजगी दवाखान्याचा जिना चढले. बाहेर पाटी होती, त्वचा व गुप्तरोग. बाकावरचे पुरुष भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी एकटीच बाई. म्हटलं, आलोय तर बसू.

आत लेडी डॉक्टर होत्या. त्यांनी तपासलं आणि सरळ सांगितलं. हा एक विषाणू असतो, नवरा-बायकोच्या संबंधातून येतो, वर्षानुवर्षं अंगात गप्प बसू शकतो. बऱ्याचदा आपोआप जातो, पण काही बायकांना पुढे गर्भाच्या पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होतो. त्या विषाणूची थेट तपासणी तेव्हा त्यांच्याकडे होत नव्हती. त्यांनी पिशवीच्या तोंडाच्या पेशी काढून काचेवर घेतल्या आणि म्हणाल्या, मुंबईला पाठवते, रिपोर्ट पोस्टाने येईल.

बाहेर कंपाउंडरने वही पुढे केली. "नाव, पत्ता सांगा."

माझ्या डोळ्यांपुढे नळ आला. मी माहेरचं नाव सांगितलं आणि कोलशेतचा पत्ता. दुखलं तर तिथेच जायचं होतं ना!

दोन आठवडे गेले, चार गेले. बयकडून निरोप नाही. तिला वाचता येत नव्हतं, पण पत्र आलं की ती कुणाच्या तरी हाती कळवायचीच. नाही कळवलं, म्हणजे काही निघालं नाही, असं मी धरून चालले. रक्त जातच होतं, तरी.

होळीला मुलांना घेऊन कोलशेतला गेले. देव्हाऱ्यामागे कागदांची चवड असायची. आमच्याकडे जमिनी घेणाऱ्या कंपन्यांच्या नोटिसा येऊ लागल्यापासून घराघरात एक रीत पडली होती. टाइप केलेला लिफाफा आला की फोडायचा नाही. फोडला म्हणजे कबूल केलं, असं गावातलं कुणीतरी सांगून ठेवलेलं. पंच बसले की मगच वाचायचा. त्या चवडीत मला माझं नाव दिसलं.

"बय, हे कधी आलं?"

"तो कंपनीचा कागुद हाय. ठेव तिथंच."

"त्यावर माझं नाव आहे!"

"म्हनून त लपवला. पोस्टमननी तुजा नाव वाचला, मना वाटला, आता पोरीच्या नावावं पन नोटीस धारली."

लिफाफा फोडला. पेशींमध्ये बदल आहेत, ताबडतोब भेटा. तारीख पाच आठवड्यांपूर्वीची. मी काय आहे ते बयला सांगितलं. ती चुलीपुढे बसून राहिली. होळी पेटली तरी बाहेर आली नाही.

दुसऱ्याच दिवशी मोहन्याला परतले आणि जनार्दनला रिपोर्ट दाखवला.

"मला कधी सांगणार होतीस?"

"काही निघालं असतं तर."

"अगं, निघालंय ना!"

"म्हणून तर सांगतेय."

त्याने कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग हळूच म्हणाला, "माझ्याकडून आलं असेल?"

"ते आता कुणीच सांगू शकत नाही. तू उद्या रजा टाक."

त्याने टाकली. दवाखान्यात त्याच्याच खात्यातला एक जण भिंतीकडे तोंड करून बसला होता. दोघांनी एकमेकांना ओळखलं आणि दोघेही पंख्याकडे बघत बसले. डॉक्टर उशिराबद्दल मला बोल बोल बोलल्या. मग म्हणाल्या, "नशीब, अजून वरवरचं आहे." बर्फाहून गार सळईने तेवढा भाग गोठवून जाळून काढला. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी. कंपाउंडरने पुन्हा वही पुढे केली, तेव्हा मी सासरचं नाव सांगितलं आणि मोहन्याचा पत्ता.

तो रिपोर्ट नळावर आला. पोस्टमनने नाव पुकारलं, शेजारीण म्हणालीच, "काय गं, कुठलं पत्र?"

"दवाखान्याचं. पिशवीच्या तोंडाची तपासणी केली." तिथेच फोडला. सगळं ठीक होतं. कळशी भरून निघाले. त्या आठवड्यात दोघी जणी दुपारच्या येऊन दवाखान्याचा पत्ता लिहून घेऊन गेल्या.

पुढच्या होळीला निघताना बय नेहमीसारखी सुकट बांधायला बसली आणि नेहमीचं बोलली, "दुखला त हितं ये गो."

"येईन. पण घरी सांगून येईन."

तिचा हात थांबला. मी कुठल्या घराला घर म्हटलं, हे कळायला तिला थोडा वेळ लागला. मग तिने गाठ मारली. या वेळी एकदाच.