जपानला दिलेला कौल

दुबईच्या करामा वस्तीत कुणी शिंकलं तर शारजातून रुमाल येतात. तेव्हा ‘वलीभाईंनी जपानात एका बाईला कौल दिला’ ही कुजबुज किती पळाली, ते सांगायला नको. कौल म्हणजे शब्द. आता साठीला टेकलेला माणूस परमुलखात बाईला कसला शब्द देतो, हे ज्याने त्याने आपापल्या मगदुराप्रमाणे समजून घेतलं.

वलीभाई मूळचे दाभोळचे. रास अल खोरला जुन्या जपानी गाड्या विकतात, त्यांच्या लिलावासाठी अधूनमधून जपानला जातात. फोनवर असे बोलतात की फोन नसता तरी चाललं असतं! विष्णूच्या हॉटेलात बसून ते भावाशी बोलत होते, आत मिक्सर घरघरत होता. विष्णूने जे ऐकलं, ते चहाबरोबर फुकट वाटलं.

बातमी सुरैय्याभाभींकडे पोचली. भाभींनी आदळआपट केली नाही. बॅग काढली.

“कुठे निघालीस?”

“एकतर तुमच्याबरोबर जपान, नाहीतर एकटी दाभोळ. कायमची. खलास!”

“अगं, किल्ल्याला दिलं मी!”

“बाईचं नाव किल्ला?”

पुढच्या लिलावाला दोघं गेली. किल्ला लढाईत जळालेला, पुन्हा नव्याने बांधलेला; आत म्युझियम आणि वर जायला चक्क लिफ्ट. “जंजिऱ्याला अशी असती, तर माझे गुडघे वाचले असते,” भाभी म्हणाल्या. तेवढ्यात म्युझियमची एक म्हातारी वलीभाईंना ओळखून कमरेत वाकली.

“हीच का ती?”

“हीच. आता बघ.”

छपराच्या दुरुस्तीला ज्यांनी पैशांचा हातभार लावला, त्यांनी कौलांच्या पोटाला आपली नावं लिहिली होती. कौलं चढली, नावं झाकली गेली, उरले फोटो. म्हातारीने त्यातला एक पडद्यावर आणला आणि मोबाइलला भाषांतर करायला लावून विचारलं, “हे काय लिहिलंय? इथे कुणालाच वाचता येत नाही.”

‘सुरैया, दाभोळ.’

भाभी पडद्याशी गेल्या. मग म्हणाल्या, “ह्यांचंच अक्षर. लग्न झाल्यापासून माझ्या नावातला अर्धा ‘य’ खातायत!” आणि निकाहात ‘कबूल’ म्हटलं नसेल इतक्या मोठ्याने त्यांनी ते नाव म्हातारीला वाचून दाखवलं.

हल्ली करामात भाभींची मान काय ताठ असते! मी मुद्दाम खोडी काढली, “भाभी, नाव आहे उलट्या बाजूला. दिसणार कुणाला?”

“नाही दिसलं तर नाही! किल्ल्याने डोक्यावर घेतलंय ना मला? तुमच्या घरात तुम्हाला कुणी घेतं का?”

मी चहाचा कप तोंडाला लावला.

वलीभाई फोनवर म्हणाले होते, “किल्ल्यावरच्या बाईकडे सुरैय्याच्या नावाने कौल दिलं.” छपराचं कौल. मिक्सरच्या घरघरीत विष्णूने ‘बाईला’ आणि ‘दिला’ ऐकलं.