पोपटवालीचं घर

दिसेल त्याच्याशी बोलायची मला खोड आहे. लग्नाआधी तिला मनमोकळेपणा म्हणत, लग्नानंतर आगाऊपणा म्हणू लागले. एकोणीसशे पन्नासचं दशक संपत आलं होतं. यांच्या सरकारी कारखान्यातल्या नोकरीपायी आम्ही पुण्याहून बेंगळुरूला आलो आणि चामराजपेटेत दोन खोल्या घेतल्या. कानडी मला 'बेकु' आणि 'बेडा', म्हणजे हवं आणि नको, एवढंच येत होतं. तेवढ्या भांडवलावर, बाकी हातवारे आणि मोडकंतोडकं हिंदी जोडून, मी नळावर, बसथांब्यावर, भाजीवालीच्या टोपलीभोवती बिनदिक्कत गप्पा मारू लागले. नाव मात्र कुणाचं विचारायची नाही. नाव विचारलं की ओळख होते आणि ओळख झाली की माणसं जपून बोलतात, असं माझं मत होतं. अजूनही आहे.

चैत्रात सासूबाई आल्या, त्या आम्हाला परत न्यायचं मनाशी ठरवूनच. पुण्यात चुलत सासऱ्यांनी यांच्यासाठी नोकरी पाहून ठेवली होती.

"या परमुलखात तुमचं आहे कोण?" सासूबाई म्हणाल्या. "उद्या आजारी पडलात तर दारात कोण उभं राहील?"

हे मान डोलवत राहिले. यांचं मान डोलावणं म्हणजे अर्धा होकार. मला हे गाव सोडायचं नव्हतं. इथे मी कुणाची सून, कुणाची मुलगी म्हणून नव्हे, नुसती मी म्हणून लोकांना आवडत होते.

"शुक्रवारी चैत्रगौरीचं हळदीकुंकू करते," मी म्हटलं. "बायका आल्या तर आपण इथेच राहायचं."

"आणि नाही आल्या तर?"

"सामान बांधते."

मग दिसेल त्या बोलघेवडीला मी रस्त्यात थांबवून सांगितलं, शुक्रवारी या हं! सगळ्या हसून 'सरी, सरी', म्हणजे बरं बरं, म्हणाल्या.

शुक्रवारी गौर मांडली. आंब्याची डाळ वाटली, पन्हं केलं, ओटीसाठी हरभरे भिजवले. दुपार उलटली, उन्हं उतरली, उंबऱ्यावर चिटपाखरू नाही. सासूबाईंनी उठून डाळीच्या पातेल्यावर झाकण तेवढं ठेवलं. ते मला फार लागलं.

मी तडक बसथांब्यावर गेले. माझ्याशी रोज बोलणारी शाळामास्तरीण नुकतीच बसमधून उतरत होती. ती इथल्या जुन्या मराठी घराण्यातली.

"का नाही आलात कुणी?" मी जवळजवळ भांडलेच.

"कुंकुम लावून बोलावलं नाहीस की, अक्का!" ती म्हणाली. "रस्त्यात ये म्हटलं तर आम्ही सरी म्हणतो. पण घरी येऊन कुंकुम लावल्याबिगर हळदीकुंकवाला कोण येईल?"

पुण्यात निरोप धाडला की भागत असे. इथे यजमानिणीने स्वतः दारोदार जायचं. जायला माझी ना नव्हती, पण कुणाच्या दारी? एकीचं नाव ठाऊक नाही की पत्ता ठाऊक नाही.

आणि मग लख्ख आठवलं. मला बाकी सगळं ठाऊक होतं! एकीचा पोपट सासऱ्यांना शिव्या देतो. एकीचा नवरा संध्याकाळी फिडल घासतो आणि तिचं दूध उतू जातं. एकीच्या दारातला कढीपत्ता सगळी गल्ली ओरबाडते.

मास्तरीणबाईला घेऊन घरी धावत गेले आणि कुंकवाचा करंडा उचलला. "आता कुठे?" सासूबाईंनी विचारलं. "बोलवायला!"

"आधी मला लाव, मग चल," मास्तरीणबाई म्हणाली आणि माझ्यासोबत निघाली. शिव्या देणारा पोपट कुठे राहतो, असं विचारल्यावर अख्खी गल्ली हसत सुटली आणि दहा हातांनी एकच दार दाखवलं. पोपटाने माझाही उद्धार केला. फिडलचं घर तर कानांनीच सापडलं. कपाळाला कुंकू लागायचा अवकाश, बायका वेणीत फूल खोवून चपला घालत होत्या. दिवेलागणीला मी परतले तेव्हा माझ्यामागे अख्खी मिरवणूक होती.

दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा उरली नाही. डाळ चाखून फिडलवाली काय म्हणाली ते मास्तरीणबाईने मराठीत सांगितलं, "अय्यो, ही तर आमची भिजल्या डाळीची कोसंबरी! नुसती वाटलीय!" पातेलं बघता बघता रिकामं झालं, तशी सासूबाईंनी स्वतः कैऱ्या आणि किसणी पुढ्यात ओढली. पोपटवाली त्यांना कानडीत काहीतरी सांगत होती, त्या मराठीत उत्तरं देत होत्या आणि दोघी डोळ्यांत पाणी येईतो हसत होत्या.

"काय गं, हिचं नाव काय?" त्यांनी मला विचारलं.

"विचारलं नाही कधी," मी ताठ मानेने सांगितलं.

एवढ्यात हे कारखान्यातून आले. दारात चपलांचा ढीग पाहून घाबरलेच. "आई, काय झालं? कुणाला काही..."

"काही झालं नाही," सासूबाई किसणीवरून मान वर न करता म्हणाल्या. "हात धू आणि पन्हं घे. आणि काकांना कळव, ती नोकरी दुसऱ्या कुणाला द्या म्हणावं. इथे आपली माणसं आहेत."

मला नाचावंसं वाटलं. इतक्या बायकांसमोर ते बरं दिसलं नसतं, म्हणून पन्ह्याचं तपेलं घेऊन मी घरभर नुसती हिंडले, लढाई जिंकून आलेल्या माणसाच्या तोऱ्यात.