केळीवाला भाऊ

"बठ्ठं बेस शे, अक्का." असं म्हणताना तो उजवा हात छातीवर ठेवायचा आणि मान जराशी झुकवायचा. बठ्ठं बेस शे, म्हणजे सगळं छान आहे. हे त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातली तांदळाची परात पडता पडता वाचली. कारण ही अहिराणी बोलणारा माणूस फिलिपिन्सचा होता आणि जळगावात येऊन त्याला जेमतेम दोन महिने झाले होते.

फैजपूरजवळच्या एका कंपनीने त्याला बोलावलं होतं. केळी परदेशी पाठवायची तर घड कसा उतरवावा, फण्या कशा कापाव्या, धुवाव्या, खोक्यात कशा भराव्या, हे तिथल्या बायकांना शिकवायला. माझी वरची खोली रिकामी होती. "परदेशी साहेब आहेत, मॅडम. एकटे, शांत," असं मला सांगण्यात आलं. मी उंच, गोरा, कोट घातलेला माणूस डोळ्यांपुढे आणला. मे महिन्याच्या उन्हात रिक्षातून उतरला तो पस्तिशीचा, बुटका, सावळा माणूस. पाचोऱ्याच्या बाजारात फिरला असता तर कुणी मान वळवून पाहिलं नसतं. हातात एक बॅग आणि काखेत भात शिजवायचं विजेचं भांडं.

दुसऱ्याच दिवशी दुपारी तो घाईघाईने खाली आला. केस ओले, चेहरा लाल. इंग्रजीत विचारू लागला, "माझं आंघोळीचं पाणी कुणी तापवलं?" कुणी तापवलं नाही, गच्चीवरच्या टाकीत ते आपोआप तापतं, हे समजावायला मला पाच मिनिटं लागली. तो वर आभाळाकडे पाहत राहिला. आपल्याला उन्हाची इतकी सवय की त्याचा धक्का बसलेला माणूस पाहिला की आपल्यालाच नवल वाटतं.

आठवड्याने त्याने धक्का परत केला. एका संध्याकाळी त्याने सुकी मासळी तळली. आमची गल्ली बहुतेक मारवाडी जैन व्यापाऱ्यांची. दहा मिनिटांत सगळ्या खिडक्या बंद. कोपऱ्यावरचे किराणा दुकानवाले काका नाकाला रुमाल लावून जिन्यात उभे. ते काही बोलायच्या आत त्याने हात जोडले आणि गॅस बंद केला. पुन्हा त्या खोलीत मासळी शिजली नाही. मला त्या रात्री जरा अपराधी वाटलं, पण मीही काही बोलले नाही.

आणि मग ती अहिराणी. त्याच्या हाताखालची बायकांची टोळी धुळ्याकडच्या खेड्यांतली होती. त्या त्याला भाऊ म्हणायच्या, आणि तो त्यांच्याकडून भाषा शिकत होता. हीच इथली भाषा, एवढंच त्याला ठाऊक.

खरं सांगते, मला ते ऐकून आनंद झाला नाही. माझं माहेर धुळ्याजवळचं. लहानपणी मी दुसरं काही बोललेच नाही. पण नवी शिक्षिका म्हणून जळगावच्या वर्गात उभी राहिले आणि फळ्याकडे बोट दाखवून "हाई काय शे?" असं तोंडून निसटलं. पन्नास मुलं हसली. त्या दिवशी जी जीभ आवरली, ती चाळीस वर्षं आवरलेलीच. म्हणून मी त्याला बाईंच्या आवाजात सांगितलं, "शे नाही, आहे म्हणावं."

तो विचारात पडला. मग म्हणाला, "मंग त्या बठ्ठ्या बाया चुकीचं बोलतस का?"

मी भाजी निवडायला आत गेले.

रविवारी सकाळी तो गच्चीवर बसून आईला व्हिडिओ कॉल करायचा. मी पापड वाळत घालायला गेले की मोबाइल माझ्याकडे फिरवायचा. पडद्यावर एक सुरकुतलेली, दोन दात उरलेली म्हातारी. ती मला तिच्या कोंबड्या दाखवायची, मी तिला माझे पापड. तिला माझं कळायचं नाही, मला तिचं. म्हणून आम्ही दोघीही जोरजोरात बोलायचो. तो मधे बसून हसायचा, भाषांतर मात्र करायचा नाही.

पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात एका सकाळी वरची टाकी भरून वाहू लागली. त्याने मोटर चालू करून तशीच सोडली होती. सगळा जिना ओला. मी वर जाऊन त्याला चांगलंच सुनावलं. "लक्ष कुठे असतं तुझं? चार दिवस झाले बघतेय. परवा दार उघडं टाकून गेलास, आज हे."

त्याने फडकं घेऊन जिना पुसला. वरपासून खालपर्यंत, एकेक पायरी. मी विचारलं, "बरं नाही का?" तर हात छातीवर ठेवून म्हणाला, "बठ्ठं बेस शे, अक्का." आणि कामावर गेला.

संध्याकाळी कंपनीचा सुपरवायझर आला. पाचोऱ्याचा साधा मुलगा. हातात फळांची पिशवी. "मॅडम, भाऊ जेवतात का नीट?" त्याने हळू आवाजात विचारलं.

"का? काय झालं?"

तो माझ्याकडे पाहतच राहिला. "तुम्हाला माहीत नाही? त्यांच्या गावाला वादळाचा तडाखा बसला ना. घर वाहून गेलं. त्यांची आई गेली. पाच दिवस झाले. आम्हालाही आजच कळलं, तेही त्यांच्या भावाचा फोन ऑफिसात आला म्हणून."

आम्ही जिन्यातच उभे होतो. पाच दिवस! पाच दिवस हा माणूस माझ्या डोक्यावर राहत होता, माझ्या दारावरून जात येत होता. आणि त्याच सकाळी मी त्याला एका टाकीवरून बोलले होते. ती पुसलेली पायरी माझ्या पायाखाली होती.

वर गेले. तो खिडकीशी बसला होता. विमानं बंद, तिथून त्याच्या बेटावर जाणारी बोटही बंद. गावात तिला पुरूनही झालं होतं. "मला का नाही सांगितलंस रे?" मी म्हणाले. आवाज चिडलेलाच होता, मला आवरता आला नाही.

त्याने हातातला मोबाइल पालथा ठेवला. मग म्हणाला, "काय सांगू? तिले आठे कोण वळखस?"

तिला इथे कोण ओळखतं. बस, एवढंच. परमुलखात राहायचं म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं आणि मी हबकून गेले. माणूस मरतो, आणि जिथे आपण असतो तिथे ती बातमीसुद्धा होत नाही.

मी त्याच्याशेजारी खाली बसले. आणि माझ्या तोंडून निघालं, "मी वळखस ना तिले. कोंबड्या दखाडे ती माले."

तेव्हा तो रडला. मोठ्याने, लहान मुलासारखा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर जिन्यात चपलांची रांग. सुपरवायझरने टोळीला सांगितलं होतं, आणि बारा बायका खाडा करून दारावर आल्या होत्या. आपल्याकडे समाचाराला येतात तशा, डोक्यावर पदर घेऊन. गल्लीतल्या बायकाही चढल्या. दुकानवाले काका दुकान बंद करून आले, खिचडीचं पातेलं घेऊन. "आज इनके घर चूल नहीं जलेगी," म्हणाले. जिथे ते नाक दाबून उभे होते, त्याच जिन्यात बसून राहिले.

त्याला काही उमजेना. इतकी माणसं येऊन नुसती बसतात कशाला? तो माझ्याकडे पाहत होता. मग टोळीतल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईने विचारलं, "भाऊ, मायनं नाव काय व्हतं?"

त्याने नाव सांगितलं. ते तिला नीट म्हणता येईना. त्याने पुन्हा सांगितलं. तिने पुन्हा म्हणून पाहिलं, मग शेजारणीने, मग काकांनी. जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंत ते परकं नाव वाकड्यातिकड्या उच्चारांनी पोचलं. तो प्रत्येकाला दुरुस्त करत होता.

त्याचा करार संपला तसा तो गेला. आता दुसऱ्या कुठल्या देशात, दुसऱ्या शहरात आहे. पोचल्याचा फोन आला होता. तिथे पाणी फार थंड आहे म्हणाला. नंतर नंबर बदलला असावा, लागत नाही.

वरच्या खोलीत आता बँकेत लागलेली चाळीसगावची एक मुलगी राहते. परवा तिने विचारलं, "अक्का, माझ्याआधी इथे कोण राहायचं?" मी दारातच बसले आणि सांगू लागले. किती वेळ गेला कोण जाणे. गॅसवरची तिची भाजी करपली, धूर जिन्यापर्यंत आला. ती उठली नाही, आणि मीही थांबले नाही.